दोन ठिपक्यांची वाट

सोलापुरात डोंगर नाही, हे भूगोल शिकवणारी बाई म्हणून मी छातीठोकपणे सांगू शकते. तरीही आमच्या सायकल ग्रुपातल्या दहा-बारा जणांकडे डोंगरात चालवायच्या सायकली आहेत. पुण्यातला माझा भाऊ फोनवर दर वेळी एकच विनोद करतो, “ताई, माउंटन बाइक आहे, पण माउंटन कुठंय?” मी म्हणते, “माउंटन तुझ्याकडेच ठेव. आमच्याकडे माळ आहे. एकदा ये, मग हसू येतं का बघ.”

खरं सांगायचं तर डोंगर परवडला. तो निदान समोर उभा असतो. चढ असेल तर चढ दाखवतो. माळ काहीच दाखवत नाही. जिकडे बघावं तिकडे तेच कुसळी गवत, तोच मुरूम, त्याच वेड्या बाभळी. सपाट दिसतंय म्हणून सायकल मोकळी सोडावी, तर दहा पावलांवर कंबरभर खोल ओघळ निघते. आणि वर सराट्याचे काटे. चार वर्षांपूर्वी एका रविवारी गुळवंचीच्या पुढच्या माळावर आम्हा पाच जणांच्या मिळून सात पंक्चर झाली. ठिगळं संपली, मोबाईलला रेंज नव्हती, ऊन तापायला लागलं होतं. अशा वेळी मी इतरांना निमशुष्क प्रदेशाची माहिती देत होते, असं आमच्यातला एक जण अजून सांगत फिरतो. ते खोटं आहे. मी फक्त चिडले होते.

तेवढ्यात विजेच्या तारांखालून एक माणूस सायकलवर आला. काळी, बावीस इंची, आमच्या वयाची सायकल. कमरेला पकड, कॅरिअरला दोरखंड, हँडलला भाकरीचं फडकं. उतरून त्याने आमच्या सायकलींभोवती एक फेरी मारली, एक टायर अंगठ्याने दाबून बघितलं आणि म्हणाला, “एवढी जाड टायरं, आन् सराट्याला भ्यालात व्हय?”

मला राग आला. पण त्याच्या पिशवीत पंक्चरचं सामान होतं, म्हणून मी राग गिळला. हेच रत्नदीप तळभंडारे. वीज खात्यातले वायरमन. सगळ्या ट्यूबा जोडून झाल्यावर आम्ही आलो त्याच वाटेने परत निघालो, तेव्हा त्यांनी हात आडवा केला.

“तिकडनं नगा जाऊ. ही मेंढरांची वाट धरा. मेंढरू जितनं जातं तितं सराटा ऱ्हात न्हाय. लोकरीला चिकटून जातो त्यो.”

वीस वर्षं भूगोल शिकवतेय, पण हे कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. आम्ही ती वाट धरली आणि थेट हिप्परग्याच्या तलावापर्यंत एकही टायर बसलं नाही. दुसऱ्या रविवारी मी त्यांचा पत्ता शोधत शहरातल्या त्यांच्या घरी गेले. तेव्हापासून ते माझे काका झाले आणि मी त्यांची मॅडम. मला नाव आहे हे मी त्यांना अनेकदा सांगितलं, काही उपयोग झाला नाही.

काकांनी एकतीस वर्षं लाइनखालून सायकल चालवली. रात्री-अपरात्री गावं अंधारात गेली की फॉल्ट शोधायला हेच. जीप सडकेवरून जायची. तारा मात्र सडक बघून जात नाहीत, त्या सरळ माळ कापत जातात, म्हणून काका सायकलवर. कारंबा, गुळवंची, मार्डी, माळढोक अभयारण्याची हद्द सोडून नान्नजच्या अलीकडचं सगळं रान त्यांना पाठ होतं. कुठल्या ओढ्यात कधीपर्यंत काळा चिखल राहतो, कुठली पडकी विहीर गवतात लपलीय, पेरणी झाली की कोणता शेतकरी वाट नांगरून टाकतो आणि मग बांधाच्या कोणत्या अंगाने जायचं, हे विचारावं आणि त्यांनी सांगावं. आम्ही तोवर त्याच त्या तीन रस्त्यांवर सायकली पिटत होतो. काकांनी आम्हाला आमचाच तालुका दाखवला.

त्यांची फॉल्ट शोधायची पद्धत मी एकदा बघितली. खांबाखाली उभं राहायचं आणि डोळे मिटायचे. “तारंखालचं चिनीमातीचं भांडं तडकलं आसंल तर ते चरचर वाजतं,” ते म्हणाले. “डोळं उघडं ठेवलं की कान आळशी व्हतो, मॅडम.” मीही डोळे मिटून बघितलं. मला फक्त माझं पोट वाजलेलं ऐकू आलं. त्यांनी मात्र तिसऱ्या खांबाकडे बोट केलं, आणि भांडं तिथलंच फुटलेलं निघालं.

तीन वर्षांपूर्वी काकांच्या मुलीने, बुद्धप्रियाने, त्यांना धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. ती नर्स आहे. आई गेल्यापासून घरात दोघंच, आणि बाप ताटातली भाजी सोडून शेजारच्या रिकाम्या जागेत भाकरी बुडवतोय हे तिच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. काचबिंदू निघाला. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याचीही कडेची नजर संपलेली. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते औषधाने जितकं टिकेल तितकं, असं डॉक्टरांनी सांगितलं. खात्याने शेवटची दोन वर्षं त्यांना स्टोअरमध्ये बसवलं आणि गेल्या मे महिन्यात ते निवृत्त झाले. आम्ही ग्रुपातल्यांनी मिळून त्यांना जाड टायरांची एक जुनी सायकल घेऊन दिली. त्यांनी पहिल्याच दिवशी दोन्ही टायरांच्या आत जुन्या टायरच्या पट्ट्या कापून बसवल्या आणि आमच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

गणपती उठले त्या आठवड्यात ते माझ्या घरी आले. चहाला हात लावला नाही.

“मॅडम, नळीतनं बघितल्यागत दिसतंय आता. नळी बी बारीक व्हत चाललीय. हे माळाचं सगळं माझ्या डोळ्यात हाय. डोळ्यासंगट जाया नगं.”

मी म्हटलं, “मोबाईलमध्ये टाकू की काका सगळे रूट.”

“टाका की. पर नांगरट झाली की मोबाईलमधली वाट वावरात जाती. आन् उन्हात त्यात काय दिसत बी न्हाय. मला जमिनीवर खूण पायजे. आन् एकदा, नजर हाय तंवर, म्होरं ऱ्हाऊन समदी वाट मी तुमाला दावणार. मागनं कुनी सांगायचं न्हाय, ‘काका डावीकडं, काका उजवीकडं’ आसं.”

त्यांना एवढंच हवं होतं. वाट जमिनीवर राहावी, आणि तिच्यावरून एकदा स्वतः पुढे राहून जाता यावं. मी हो म्हटलं. त्या वेळी मला ते सोपं वाटलं होतं.

पाऊस संपल्यावर आम्ही कामाला लागलो. गुडघाभर उंचीचे दगड निवडायचे, वाट फुटते तिथे मुरमात रोवायचे आणि रंगवायचे. रंग काकांनी स्वतः विकत आणला, पण हाताला सवय खांबांची, त्यामुळे तोच आणला: खाली तांबडा ऑक्साइड, वर चांदी रंग. दगड तांबडा, त्यावर चांदीचा बाण. तलावाभोवतीच्या चौदा किलोमीटरच्या वाटेला बाणाच्या वर एक ठिपका. गुळवंचीच्या माळावरून मार्डीकडे जाऊन परत येणाऱ्या एकतीस किलोमीटरच्या वाटेला दोन. एकोणीस दगड झाले. काका खाली बसायचे, दगडाला नाक लावल्यासारखे जवळ जायचे आणि एकेक ठिपका असा गोल काढायचे की कंपास लाजावा. दिवाळीच्या आत काम संपलं. मी फोटो काढले, ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी अंगठे दिले.

आता जरा डोळ्यांपुढे आणा. तांबडा दगड. वर चांदीचे दोन गोल. त्यांच्या मधोमध खाली तिरकी चांदीची रेघ. आमच्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल हे काय आहे ते. मी पदव्युत्तर शिक्षण घेतलेली, काका एकतीस वर्षं रानात फिरलेले, पण आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. आम्ही बाण करायला गेलो आणि म्हसोबा झाला.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी नऊ जणांना घेऊन दोन ठिपक्यांच्या वाटेने निघाले. काकांना त्या दिवशी दवाखान्यात जायचं होतं. माळावर एक तिठा आहे. डावी वाट मार्डीला जाते. उजवी जाते दगडाच्या जुन्या खाणीकडे, आणि खाणीला ना कठडा ना काही, चालता चालता जमीन संपते. म्हणूनच काकांनी सातव्या नंबरचा सगळ्यात मोठा दगड तिथे रोवला होता. आम्ही पोचलो तर दगडच नाही. दगड आहे म्हणून डावं-उजवं मी पाठ केलंच नव्हतं. उजवीकडे बऱ्याच अंतरावर लिंबाखाली काहीतरी तांबडं दिसलं. मी म्हटलं, “तो बघा दगड, चला!” आणि पेडल मारलं. मी आघाडीला होते, हे कबूल करायला हवं.

लिंबापासचा दगड उगवतीकडे तोंड करून बसवलेला. बाण खाणीच्या वाटेकडे. मी पुढे गेले ती जमीन संपायच्या चार हात अलीकडे ब्रेक लावून पडले. कोपर सोललं, पाण्याची बाटली खाली गेली, आणि ती पाण्यात पडल्याचा आवाज यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मला माझ्या दोन्ही मुलांची नावं आठवून झाली. परत येऊन दगड बघितला तर त्याला हळद, कुंकू, लिंबू, फोडलेल्या नारळाची शेंडी. ठिपक्यांत कुणीतरी काळ्या बुब्बुळांची भर घातली होती. मग आम्ही बाकीचेही बघितले. दोन ठिपक्यांचे अकरा दगड होते, त्यातले सहा देव झाले होते. एका ठिपक्याच्या दगडांना कुणी विचारलंही नव्हतं. एका डोळ्याचा देव कोण मानणार?

संध्याकाळी मी काकांकडे गेले. कोपराला पट्टी होती, पण मी मजेत होते, कारण वाचलेला माणूस मजेतच असतो. खाणीचं अर्धवट सांगितलं आणि वर म्हटलं, “अभिनंदन काका. सहा देवळांचे संस्थापक झालात.”

समोर बाबासाहेबांचा फोटो होता, आणि त्याखाली बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या. काका हसले नाहीत. त्यांनी हाताने चाचपत माझी पट्टी शोधली आणि तिच्यावर बोटं ठेवली.

“माझ्या दगडानं तुमाला खाणीत घातलं आसतं,” ते म्हणाले. “माझ्या बापानं वेशीवरच्या देवाला हात जोडायचं सोडलं तवा मार खाल्ला हुता त्यानं. आन् मी सहा देव उभं केलं, मॅडम.”

माझी जीभ लांब आहे हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी तिचा मला जितका राग आला तितका आधी कधी आला नव्हता. मी माफी मागितली. ते म्हणाले, “तुमचं काय चुकलं?” ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना माझ्या स्कूटरवर घेऊन मी माळावर गेले. लिंबाखाली एक म्हातारी बसली होती, आजूबाजूला शे-सव्वाशे मेंढरं. पाठीशी काठी, डोक्यावरून पदर, हातात चकती फिरवत लोकरीचं सूत काढत होती. नाव बजाबाई, वस्ती तिथून जवळच.

“हा दगड तुम्ही हलवला का?” मी विचारलं.

“हलवला की. भर तिठ्यावर उन्हात बसला हुता बिचारा. येनार-जानार पाय लावत्याल. म्हनून सावलीला आनला. दोन नातू लावलं तवा हलला, लई जड हाय.” मग तिने आमच्याकडे निरखून बघितलं. “तुमी का इचारताय?”

“मी रवला हुता त्यो,” काका म्हणाले. “त्यो देव न्हाय, बाई. वाटंची खूण हाय. सायकलवाल्यांसाटी.”

“तुमाला खूण आसंल. मानला तर देव, न्हायतर धोंडा. ह्यो आल्यापास्नं लांडगा फिरकला न्हाय हिकडं. म्हैना झाला, एक कोकरू गेलं न्हाय.”

“लांडगा न्हाय आला त्याला दुसरं कारण आसंल. तुमी त्याला पुजू नगा. आमी असलं मानत न्हाय, आन् माझ्या हातनं झालंय हे. ह्या बाई खानीत पडत हुत्या.”

बजाबाईने माझ्या कोपराकडे बघून जीभ चावली. पण हटली नाही. “पडल्या न्हाईत न्हवं? त्यानंच वाचीवलं आसंल. आन् वाट तुमची कशी वो? वाट तर माझ्या मेंढरांची हाय. माझ्या सासऱ्यापास्नं आमी हितनंच जातो.”

मेंढरांची वाट धरा, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. बजाबाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती, सूत काढायचं थांबवून. काकांचं तोंड तिच्याकडे नव्हतं, थोडं बाजूला, लिंबाच्या बुंध्याकडे होतं. ते मी तेव्हा बघितलं, पण त्याचा अर्थ मनात घेतला नाही.

देव हलवायचा नाही म्हटल्यावर काकांनी दुसरा उपाय काढला. तिठ्यावर नवीन दगड रोवायचा, पांढऱ्या चुन्याचा, नुसता बाण, ठिपके नाहीत. चार दिवसांनी आम्ही दगड रोवला. काका खाली बसले, नाक दगडाला लावलं आणि बाण काढला. उठून म्हणाले, “झाला न्हवं बरुबर?”

बाण वाकडा होता. दांडा एकीकडे, टोक भलतीकडे, आणि अर्धा चुना दगडाच्या बाहेर मुरमावर. दोन महिन्यांपूर्वी ज्यांचे ठिपके कंपासला लाजवत होते तेच हात. मी “हो काका, छान झालाय,” म्हटलं आणि मान फिरवून ब्रश धुवायला गेले. त्या बाटलीभर पाण्यात मी तो ब्रश इतका वेळ धुतला की केस गळायला लागले. नंतर त्यांना कळू न देता मी तो बाण सरळ केला. माझ्याकडून त्यांच्याशी झालेलं हे एकच खोटं. त्यांना ते कळलं होतं, हे मला आता माहीत आहे, कारण घरी जाताना ते म्हणाले, “आता थांबून जमायचं न्हाय मॅडम. ह्याच थंडीत जाऊ या.”

बुद्धप्रियाने साफ नकार दिला. “पप्पांना घरात उंबरा दिसत नाही, आणि तुम्ही त्यांना खाणीजवळून नेणार?” तिचं बरोबर होतं. काका जेवता जेवता म्हणाले, “प्रिया, मी आंधळा व्हनार हाय ते मला म्हाईत हाय. त्याचं मला काय न्हाय. पर त्या माळाला न सांगता घरात बसलो तर मला घर खायाला उठंल.” ती उठून आत गेली, आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन मला म्हणाली, “ताई, तुम्ही मागे राहायचं. आणि तिठ्यापाशी ते चुकले तर तोंड उघडायचं. मग ते आयुष्यभर बोलले नाहीत तरी चालेल.”

जानेवारी संपता संपता आम्ही निघालो. काका आणि मी, दोघंच. बुद्धप्रिया हिप्परग्याच्या बांधावर सोडायला आली, बापाच्या डोळ्यांत थेंब घातले, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि मागे वळून न बघता गेली. थंडी होती, उगवतीचं वारं होतं. काका पुढे, मी वीस पावलं मागे.

पहिले दहा किलोमीटर त्यांनी जी सायकल चालवली ती मी कधी विसरणार नाही. हळू, पण एकदाही अडखळली नाही. ओघळ आली की आधीच उतरायचे, सायकल हातात धरून पलीकडे जायचे, पुन्हा बसायचे. पडक्या विहिरीच्या अलीकडे हात वर करून मला खूण केली. विहीर त्यांना दिसली नव्हती, ती तिथे आहे एवढं त्यांना माहीत होतं. एका जागी पडले. मी धावले, तर म्हणाले, “जावा माघारी, वीस पावलं.” मी गेले.

तिठा आला तेव्हा सूर्य वर आला होता. वाट तिथे उगवतीकडे तोंड करते, आणि ऊन थेट डोळ्यांत येतं. काका थांबले. उतरले. डावीकडे मान केली, उजवीकडे केली. चुन्याचा दगड त्यांच्यापासून पंधरा हातांवर होता. गुरांनी घासून त्याचा चुना गेला होता, आणि त्या उजेडात तो मलाही नीट दिसत नव्हता. काकांनी सायकल थोडी पुढे घेतली. उजवीकडे.

मी तोंड उघडलं. मी बुद्धप्रियाला शब्द दिला होता, आणि काकांनाही दिला होता, आणि दोन्ही शब्द एकाच वेळी घशात आले. “का—” एवढंच बाहेर पडलं असेल.

काकांनी हात वर केला. गप्प, म्हणून. आणि डोळे मिटले.

मग मलाही ऐकू आलं. डावीकडून, वाऱ्यावर, घोगरी, बारीक किणकिण. काकांनी सायकलचं हँडल डावीकडे वळवलं आणि आवाजाच्या दिशेने चालायला लागले. चाळीस-पन्नास पावलं. तिथे, मार्डीच्या वाटेच्या तोंडाशी, तांबडा दगड उभा होता, दोन चांदीचे डोळे, बाण मार्डीकडे. शेजारी एक काठी रोवलेली, तिला पितळेची जुनी घंटी. आणि दगडाला टेकून बजाबाई, चकती फिरवत.

“आलात व्हय?” ती म्हणाली. “म्या म्हनलं हे येनार. कवाधरनं बसलीय.”

काकांनी दगड चाचपला. बोटांनी दोन ठिपके शोधले, बाण शोधला, त्याचं टोक शोधलं. “दगड सरकवला तुमी?”

“सरकवला की. म्याच आनला हुता, म्याच नेला.”

“आन् देवाला घंटी बांदली?”

“देवाची न्हाय वो ती. मेंढक्याच्या गळ्यातली हाय, म्होरं चालतो त्या एडक्याच्या. तुमच्यासाटी बांदलीय. त्या दिशी तुमी माझ्याशी बोलत हुता आन् बघत हुता लिंबाकडं. आमच्या म्हाताऱ्याचं बी आसंच झालं हुतं शेवटाला. त्यो घंटीमागनंच घराकडं याचा.” तिने हाताने पुढची वाट दाखवली, आणि मग तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती बोलूनही सांगायला लागली. “म्होरल्या चारी दगडांना बांदलीय. नातवांनी बांदली. मेंढरं आता बिनघंटीची हिंडत्यात.”

काका खाली बसले. त्यांच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. मी टायरला पंक्चर झालंय का ते बघत होते, आणि टायर मला धूसर दिसत होतं.

मग ते म्हणाले, “बजाबाई, मी त्याला हात न्हाय जोडनार.”

“तुमाला कोन म्हनतंय? मी जोडते. तुमी घंटी ऐका.”

काका हसले. त्या दिवाळीपासून पहिल्यांदाच हसले असतील. उठले, हेल्मेट घातलं, सायकलीवर टांग टाकली. आणि मग पाय खाली टेकवून परत थांबले.

“बजाबाई, पर वारं पडलं तर?”

“मग मी हाय की,” ती म्हणाली. “मी कुटं जातीय? हितंच तर आसते.”

काकांनी मान हलवली आणि पेडलवर पाय ठेवला. पुढच्या दगडाची घंटी अजून ऐकू येत नव्हती. ते डोळे मिटून थोडे थांबले, मग म्हणाले, “आली. चला मॅडम,” आणि मी वीस पावलं मागे राहून त्यांच्यामागून मार्डीकडे निघाले.